कोकराच्या कानामागची मतदार

१

लोकशाहीचा पाया म्हणजे मतदार, आणि मतदाराचा पाया म्हणजे त्याचा फोटो. फोटो आहे तर माणूस आहे. फोटो नाही तर तो नुसता अंदाज आहे. माधवनगरच्या यल्लाप्पांचं हे ठाम मत होतं. करंजओढ्याच्या धनगरवस्तीवर, ग्रामपंचायतीच्या मतदानाच्या दिवशी सकाळी सात वाजता, चहाची बशी हातात धरून त्यांनी ते मांडलं, तेव्हा समोर दोन श्रोते होते. एक शेळी. ती भाषणाच्या मध्येच उठून गेली. दुसरे यजमान धुळा, वय अठ्ठ्याहत्तर. ते उठून गेले नाहीत, कारण ते झोपले होते.

यल्लाप्पा चहा संपवून आणखी बोलले असते, पण आतून धुळांची सून राणी ओरडत बाहेर आली.

"मामा, उठा! आत्याचं कार्ड न्हाई पेटीत!"

धुळा जागे झाले. "कंचं कार्ड?"

"मतदानाचं. आधार बी न्हाई. बँकेचं पुस्तक बी न्हाई. कुणीतरी नेलंय!"

करंजओढा हे सातारा जिल्ह्याचं शेवटचं गाव. ओढ्याच्या अलीकडं सातारा, पलीकडं सांगली. ओढ्याला पाणी नसतं, त्यामुळं शेळ्यांना जिल्हा बदलल्याचं कळत नाही. अशा गावात चोरी म्हणजे फार तर कोंबडी. सरकारी कागद चोरणारा चोर गावानं अजून पाहिला नव्हता. राणीचा चेहरा उतरला, त्याला आणखी एक कारण होतं. सरपंचपदाला ती स्वतः उभी होती. तिच्या विरोधात दादासोची बायको पायल. आणि गावाच्या हिशेबानं निकाल पाच-सहा मतांच्या आत लागणार होता.

जिचे कागद गेले ती धुळांची बायको हरणाबाई मात्र काठी टेकत शांतपणे उठली, घोंगड्याची घडी काखेत मारली आणि म्हणाली, "शाळंत जाऊन बसती. काय हुतंय बघू."

यल्लाप्पांनी बशी खाली ठेवली. हरणाबाईचे कागद चोरीला जावेत आणि आपण चहा पीत बसावं, हे त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. का, ते सांगायला तीस वर्षं मागं जावं लागेल.

२

तीस वर्षांपूर्वी माधवनगरची गिरणी बंद पडली आणि यल्लाप्पा मागातून सुटून एका जुन्या कॅमेऱ्यात अडकले. मतदारांची फोटो असलेली कार्डं तेव्हा नव्यानं निघत होती. माणदेशातल्या माळावर फिरायला कुणी तयार नव्हतं, म्हणून हे काम त्यांना मिळालं. पहिलंच गाव करंजओढा. आणि पहिल्याच दिवशी त्यांचा फ्लॅश बंद पडला. शाळेच्या अंधाऱ्या खोलीत त्यांनी त्र्याऐंशी माणसं टिपली. कार्डं तयार होऊन आली तेव्हा त्र्याऐंशी जणांच्या जागी त्र्याऐंशी तव्यांची बुडं होती.

तपासणीला आलेला अधिकारी संतापला. "हे काय? यात माणूस कुठाय?" यल्लाप्पांचं काम तिथंच जायचं. तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढं आली आणि म्हणाली, "सायेब, आमी हायच काळी. फोटूचा काय दोष?"

अधिकारी हसला आणि काम वाचलं. पुढं त्याच कामाच्या जोरावर लग्नं मिळाली, बारशी मिळाली, माधवनगरात स्टुडिओ उभा राहिला, दोन मुली शिकल्या. ती बाई म्हणजे हरणाबाई. तेव्हापासून दर हिवाळ्यात यल्लाप्पा दहा दिवस वस्तीवर येऊन राहत. आभार मानायचे, असं दरवर्षी ठरवून येत आणि दरवर्षी मटण खाऊन परत जात.

म्हणून आज त्यांनी पेटी ओसरीवर ओतायला लावली. राणीनं एकेक वस्तू मांडली.

"काय गेलं आणि काय ऱ्हायलं, नीट सांग पोरी."

"आत्याचं मतदानाचं कार्ड गेलं, आधार गेलं, फोटो लावलेलं बँकेचं पुस्तक गेलं. आणि…" ती थांबली. "मेंढी प्रदर्शनाचं प्रशस्तिपत्रक बी गेलं की वो!"

"त्ये कशाला?"

"त्यावर आत्याचा फोटो हाय. बक्षीस मिळाल्याला मेंढा बी हाय शेजारी."

यल्लाप्पांनी डोकं खाजवलं. त्या प्रशस्तिपत्रकावर मतदान करता येत नाही. करता आलं असतं तर मेंढाही हक्क सांगत आला असता.

मागं राहिलेल्या वस्तू अशा: बिनफोटोचं रेशनकार्ड, काल घरोघर वाटलेली, फोटो नसलेली मतदार चिठ्ठी, राणीचं आणि धुळांचं नवं रंगीत कार्ड, आणि यल्लाप्पांच्या काळातली दोन जुनी कार्डं. एक हरणाबाईच्या सासूचं, एक तिच्या जावेचं. दोघीही आता हयात नाहीत. दोन्ही कार्डांवर सारखाच अंधार.

"पेटीला कुलूप?"

"आमच्या वस्तीवर कुलूप फक्त शाळंला हाय," धुळा म्हणाले. "आणि त्याची किल्ली वरच्या खिळ्याला असती."

३

मतदान शाळेतच होतं. केंद्राध्यक्ष होत्या क्रांती मॅडम, मेढ्याकडच्या प्राथमिक शिक्षिका, वय चाळिशीच्या आसपास. फळ्यावरचं 'आजचा सुविचार' पुसून त्यांनी तिथं मतदानाची वेळ लिहिली होती: साडेसात ते साडेपाच.

धुळा दारातूनच भांडायला लागले. "बाईसायेब, फोटू कशाला पायजे? सारं गाव वळखतंय हिला. मेंढरं बी वळखत्यात!"

"मेंढरांची साक्ष मला घेता येत नाही, बाबा. फोटो असलेलं कुठलंही एक चालेल. यादीत बरीच कागदपत्रं आहेत. त्यातलं एक आणा."

"सगळीच गेली की!"

"मग मला मत देऊ देता येणार नाही."

बाहेर गलका झाला. ओळखीच्या म्हातारीला कागद मागतात, ही कसली लोकशाही, असं एकजण म्हणाला. मॅडम दारापर्यंत आल्या. आवाज चढवला नाही.

"माझे आजोबा जावळीतले. एका निवडणुकीला ते आमच्या बौद्धवाड्यातली माणसं घेऊन केंद्रावर गेले, तर सांगितलं, तुमची मतं पडली, घरी जा. गाव त्यांना ओळखत नव्हतं असं नाही. चांगलं ओळखत होतं. ओळखत होतं म्हणूनच तर तसं सांगता आलं. ओळख गावाच्या तोंडावर सोपवली, की कुणाला ओळखायचं ते गाव ठरवतं. मला कागद बरा वाटतो."

गलका थांबला. आणि त्या शांततेत लिंबाखालून हरणाबाईचा आवाज आला. घोंगड्याच्या घडीवर ती ऐसपैस बसली होती.

"बाईसायेब बोलत्यात त्ये खरं हाय. आमी मेंढरामागं कोकणात असायचो, तवा आमची बी मतं हितं कुणीतरी टाकायचं. कार्ड आलं तवापास्नं कुणाची टाप न्हाई. तीस वर्सांत मी एक बी मत चुकवल्यालं न्हाई. येष्टीनं आले, टरकानं आले, पर आले." मग जरा थांबून म्हणाली, "पर फोटू न्हाई तर मत न्हाई. नियम म्हंजी नियम."

मॅडम चकित झाल्या. त्यांच्या नोकरीत नियमाच्या बाजूनं बोललेला हा पहिला नागरिक होता. त्यांनी वर्गातली खुर्ची पाठवली.

"नको," हरणाबाई म्हणाली. "हितंच बरं हाय."

यल्लाप्पांना काहीतरी खटकलं. काय खटकलं ते कळायच्या आत कुणीतरी ओरडलं, "दादासोच्या जीपमधी बघा! त्यानंच नेली कागदं!"

४

दादासो शंभर मीटरच्या रेषेबाहेर टेबल मांडून बसला होता. पांढरा शर्ट, खिशावर हळदीसारखा पिवळा डाग. राणीच्या बाजूची दहा-बारा माणसं त्याच्या जीपभोवती जमली. त्याच्या माणसांनीही बाह्या वर केल्या. मॅडमनी निरोप धाडला की हाणामारी झाली तर मतदान थांबवून वर कळवीन. आता प्रश्न एका म्हातारीच्या मताचा राहिला नव्हता.

यल्लाप्पा मध्ये उभे राहिले. "मला साडेपाचपर्यंत वेळ द्या. मी शोधतो."

"तुमी कोण?" एकानं विचारलं.

"तुमच्या आईचा फोटो काढणारा."

"मग तुमी नगासा बोलू. त्यो फोटू बघून आमचा आबा भ्याला व्हता."

हशा झाला आणि त्या हशातच गर्दी थोडी सैल झाली. यल्लाप्पांनी दादासोला बाजूला घेतलं.

"खरं सांग गड्या. नेलीस?"

"आवं, मी कशाला नेऊ? त्या म्हातारीचं मत तर मलाच हाय!"

"राणीची सासू हाय ती. कशावरनं तुला?"

दादासोनं जीभ चावली. हात नकळत खिशावरच्या पिवळ्या डागावर गेला. "हाय म्हंजी… हाय. मावशी उपकार इसरत न्हाई."

"कसलं उपकार?"

मग त्यानं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी तो महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा. जूनमध्ये कोकणातून परतताना धुळांच्या मेंढरांच्या वाड्याला मेढ्याच्या वरच्या अंगाला पावसानं गाठलं. धुळांना तापानं शुद्ध नव्हती. दादासोनं त्यांना टॅक्सीत घातलं. भिजलेली अकरा कोकरंही घातली, कारण कोकरं मागं ठेवून हरणाबाई बसायला तयार नव्हती. साताऱ्याच्या दवाखान्यात वेळेवर पोचले आणि धुळा वाचले. "पुढं हंगामभर गाडीत गिऱ्हाईक बसलं न्हाई," दादासो म्हणाला. "वासानं. शेवटी इकून टाकली."

यल्लाप्पा तिथून राणीकडं गेले. "पोरी, तुझ्या सासूचं मत कुणाला?"

"ही काय इचारायची गोष्ट झाली? मलाच. बिरोबाच्या देवळात साऱ्या वस्तीनं हळदीचा भंडारा उचलून शपथ घेतलीया. सगळ्यांच्या आधी आत्यानं उचलला. भंडारा उचलल्यावर कुणी मागं फिरत न्हाई."

"तुझं आणि तिचं पटतं?"

राणी हसली. "आवं, गुडघं गेल्यापास्नं मी तिला उठवती, बसवती, डोकं इंचरती. ती मला गावापुढं लेक म्हणती. नवरा सूरज मेंढरं घिऊन कोकणात. आमी दोघीच एकमेकीला हाय."

यल्लाप्पा शाळेच्या पाण्याच्या टाकीशी टेकले. विचित्र चोरी होती. एका मताबद्दल दोन्ही पक्ष निर्धास्त. जे मत आपलंच आहे ते कोण बुडवेल? राणीनं कागद नेले नाहीत, कारण मत तिचं. दादासोनं नेले नाहीत, कारण मत त्याचं.

घड्याळात चार वाजले होते. लिंबाखाली हरणाबाईला कुणीतरी भाकरी आणून दिली. तीही तिनं बसल्या जागी खाल्ली.

आणि मग यल्लाप्पांना सकाळपासून काय खटकत होतं ते कळलं. ते इतके घाबरले की पाण्याचा नळ सोडून तसेच उभे राहिले.

५

ते लिंबाखाली गेले आणि हरणाबाईच्या समोर मांडी घालून बसले.

"हरणाबाई, तुमचा चोर मला सापडला."

"आरं देवा," ती म्हणाली. आनंदानं म्हणाली असं वाटलं नाही.

"बघा, कसं ते. चोरानं काय नेलं? तुमचा चेहरा असलेला कागद आन् कागद नेला. मेंढ्याच्या प्रशस्तिपत्रकासकट. ज्याला वाचता येतं, त्यानं ते नेलं नसतं. त्याला कळलं असतं की हे मतदानाला चालत न्हाई. मतदान कशावर चालतं हे दादासोला तोंडपाठ, राणीलाही. म्हंजी चोराला वाचता येत न्हाई. चोर चेहरा बघून निवडत होता."

"मग त्येंनीच नेलं आसंल," हरणाबाईनं नवऱ्याकडं बोट केलं. धुळा पलीकडं पुन्हा झोपले होते. "त्येंला बी कुठं वाचता येतंय."

"मलाही आधी तसंच वाटलं. पर पेटीत मी काढलेली तीन कार्डं होती. तुमच्या सासूचं, जावेचं आणि तुमचं. तिन्हीवर नुसता अंधार. वाचता न येणाऱ्या माणसाला त्यातलं कुठलं तुमचं हे कसं कळावं? धुळांनी तिन्ही उचलली असती. चोरानं नेमकं एकच उचललं, आणि ते तुमचं निघालं." यल्लाप्पांनी आवाज खाली आणला. "तुमच्या कार्डावर खालच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका हाय. फोटो काढताना तुमच्या कडेवर कोकरू होतं. त्याचा कान आलाय. तेवढा एकच उजेड. धुळा तेव्हा कोकणात होते. हे फक्त दोन माणसांना म्हाईत हाय. एक मी. मी चोरलेलं न्हाई."

हरणाबाईनं घोंगड्याची कड बुडाखाली नीट खोचली. मग म्हणाली, "चा घ्याचा का?"

"नको. उठा जरा."

"का?"

"सकाळपास्नं तुमी या घोंगड्यावरनं हाललेल्या न्हाईत. मॅडमची खुर्चीसुद्धा नाकारलीत."

ती उठली नाही. पण तिचे डोळे भरले.

"भाऊ, देवळात राणीचा भंडारा उचलला. मनापास्नं उचलला. परवा दादासो आला. खिशातनं भंडाऱ्याची पुडी काढली, माझ्या हातावर ठिवली आणि म्हणाला, मावशी, एकदाच मागतोय. आता ज्यानं माझं कुकू राखलं त्याला न्हाई कसं म्हणू? त्येचा बी उचलला. एक लेकीवानी सांभाळती, एकानं नवरा आणून दिला. मत एकच. सरकारनं दोन दिली असती तर काय बिघडलं असतं?"

"मग घरीच बसायचं."

"घरी बसलं तर दोघांची बी शपथ मोडती. चोरी झाली तर देवाला बी काय बोलता येत न्हाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "पर त्या दादासोवर आळ येईल हे माझ्या डोस्क्यातच आलं न्हाई. आणि मत चुकायचं… भाऊ, सकाळपास्नं त्या रांगंकडं बघत बसलीया."

यल्लाप्पांना चोर सापडला होता, उलगडा झाला होता, आणि तो कुणालाही सांगायची त्यांची इच्छा नव्हती. पण जीपभोवती माणसं पुन्हा जमत होती. पाच वाजायला आले होते.

त्यांनी धुळांना हलवून जागं केलं आणि एकच प्रश्न विचारला. "उचललेला भंडारा उतरवता येतो का?"

धुळांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं. "ज्येनं दिला त्येनंच आपल्या हातानं परत घ्यायचा. मग शपथ उतरती. पर आजपातूर कुणी परत घेतल्याला मी बघितला न्हाई."

६

पाण्याच्या टाकीमागं दोघांना बोलावलं. राणी आणि दादासो, एकमेकांकडं न बघता उभे. यल्लाप्पांनी सगळं सांगितलं. ऐकताना दोघांच्याही माना हळूहळू खाली गेल्या.

आधी राणी बोलली. "मी देवळात तिला पुढं उभी केली. बाकीच्यांनी बघावं म्हणून. तिला इचारलंसुद्धा न्हाई."

"मी तर उपकाराचं नाव घिऊन मागितलं," दादासो म्हणाला. "जवा टॅक्सीत घातलं तवा मत डोस्क्यात नव्हतं माझ्या. देवाशपथ नव्हतं. नंतर आलं."

"हे मत तुमच्यातल्या एकाला कमी पडू शकतं," यल्लाप्पा म्हणाले. "विचार करा."

राणीनं विचार केला नाही. ती सरळ लिंबाखाली गेली, सासूच्या तळहातावर अजून पिवळसर असलेल्या रेघांवर बोट फिरवलं आणि ते स्वतःच्या कपाळाला लावलं. "आत्या, माझा भंडारा मी परत घेतला. तुमी मोकळ्या."

मागून दादासो आला. त्यानंही बोट फिरवलं. "मावशी, माझा बी घेतला. तुमच्यावर माझं काय न्हाई. उलट त्या कोकरांतलं एक तुमी मला दिलं व्हतं, त्येचा आज कळप झालाय. मीच इसरलो."

हरणाबाईनं दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला आणि त्यांचाच आधार घेऊन उठली. घोंगड्याच्या घडीत सगळे कागद होते. मेंढाही होता.

जीपभोवतीच्या माणसांना दादासोनंच ओरडून सांगितलं, "कागद सापडलं! घोंगड्यात गुंडाळलं गेलं व्हतं!" हे शब्दशः खरं होतं, आणि राजकारणात असूनही ते त्याच्या तोंडून निघालं.

पाच वीसला हरणाबाई केंद्रात शिरली. यल्लाप्पा दाराबाहेर थांबले. मॅडमनी जुनं कार्ड उजेडाकडं धरलं, तिरपं केलं, चष्मा काढून पाहिलं.

"आजी, यात तुम्ही कुठं आहात?"

"त्यो कान दिसतोय न्हवं? त्येच्या मागं."

मॅडमनी कार्ड आदरानं परत केलं आणि आधार मागितलं. त्यावरचा चेहरा जुळला. यादीतल्या नावावर खूण झाली, हरणाबाईनं अंगठा उठवला, बोटाला शाई लागली. मग ती पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेली आणि बराच वेळ तिथंच राहिली. तीस वर्षं ती दरवेळी क्षणात बाहेर येत असे, कारण कुणाला द्यायचं ते आधीच ठरलेलं असे. आज कुणीच ठरवलेलं नव्हतं. बाहेर राणी आणि दादासो शेजारीशेजारी उभे होते, आणि आतून यंत्राचा लांब आवाज आला तेव्हा दोघांनीही एकदमच श्वास सोडला.

उजव्या हातात काठी, डाव्या हाताचं बोट वर धरलेलं, अशी ती पायरी उतरली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. यल्लाप्पांनी तीस वर्षांपूर्वी टिपलेल्या फोटोतही कळलं नव्हतं.

कुणीही विचारलं नाही. करंजओढ्याच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं असावं.

तीस वर्षं राहून गेलेले आभार आज मानायचेच, असं यल्लाप्पांनी ठरवलं. फ्लॅशबद्दल, अधिकाऱ्याबद्दल, दोन मुलींबद्दल. कागद लागतो हे खरं, पण कागदावरचा अंधार उजळायला माणूस लागतो, असं एक वाक्यही तयार झालं होतं. ते पुढं झाले, हात जोडले, आणि म्हणाले, "हरणाबाई, आज मला तुम्हाला एक सांगायचंय…"

"सांगा की," हरणाबाई म्हणाली. "पर त्याच्या आधी माझी चंची घ्या आणि जरा तंबाकू मळून द्या. माझं बोट अजून वलं हाय."